लेकीच्या गावात उतरायचं कुठं

शके १८५८, कार्तिक शु. ८, रविवार. भोकरदन

गोदीचं पत्र आलं. पोस्टमन शाळेतच देऊन गेला. तिसरीची पोरं गणितं सोडवत होती, तोवर वाचून काढलं. लग्नाला सात वर्षं झाली. दिवाळीला, संक्रांतीला खुशालीचं पत्र येतं, पण 'या' असं तिनं कधी लिहिलं नव्हतं. या वेळी लिहिलं आहे. 'अण्णा, एकदा हैदराबाद बघून जा. चारमिनार आहे, नदीवर मोठा पूल आहे, रस्त्यानं विजेचे दिवे आहेत. आपल्याकडंच उतरा. चार दिवस तरी राहा. लवकर या.' बस, एवढंच. 'लवकर'च्या खाली रेघ. अक्षर मी शिकवलेलं, पण ओळी खाली उतरत गेल्या आहेत. लाल पेन्सिल हातात होती, सवयीनं तिथं खूण केली. मग लाज वाटली.

हैदराबाद मी पाहिलेलं नाही. पन्नाशी आली, निजाम सरकारच्या शाळेत पंचवीस वर्षं गेली, आणि सरकार राहतं ते गाव पाहिलं नाही. गोदीचं लग्नही इथंच लागलं. पाठराखीण म्हणून माझी आक्का गेली होती, तिनं सांगितलं तेवढंच हैदराबाद मला ठाऊक.

घरी सौ.ला पत्र वाचून दाखवलं. "आजून एकदा वाचा," म्हणाली. वाचलं. म्हणाली, "चारमिनारचं तिला कव्हापासून कवतिक?"

पोरगी शहरात राहून सुधारली असेल, मी म्हणालो.

कार्तिक शु. ९, सोमवार

जायचं ठरलं. उतरायचं कुठं, हा प्रश्न.

लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्या घराण्याची रीत. वडील आक्काकडं नऊ वर्षं गेले. दर खेपेला आपल्या विहिरीचं पाणी फिरकीच्या पितळी तांब्यात भरून न्यायचे, ओसरीवर बसून तेवढंच प्यायचे आणि उठायचे. दहाव्या वर्षी भाचा झाला, त्याच्या बारशाला पहिल्यांदा जेवले. गावात अजून लोक त्याचं नाव काढतात. तो तांब्या आता माझ्याकडं आहे. गोदीला अजून काही नाही. म्हणजे तिच्या घरी जायचं, बसायचं, उठायचं. मुक्काम दुसरीकडं.

सौ. म्हणाली, "तिनं तुम्हाला बलावलंय, तुमच्या रीतीला न्हाई बलावलं."

मी म्हणालो, रीत माझ्याबरोबरच येते, तिला वेगळं तिकीट लागत नाही. ती हसली नाही. मग म्हणाली, "मंग मलाबी न्या." कापसाची वेचणी चालू आहे, गाय व्यायला झाली आहे, घर कुणावर टाकायचं? पुढच्या खेपेला नेऊ म्हणालो.

कार्तिक शु. ११

हेडमास्तर साहेबांकडं रजेचा अर्ज दिला. साहेब हैदराबादचेच. अर्ज बाजूला ठेवून खुर्ची पुढं ओढली. कुठं उतरणार, हे विचारलं. हॉटेल बघतोय म्हणालो, तर चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले. "मास्टरसाब, बेटी का घर होते सो हाटेल कायकू?" रीत सांगितली. ऐकून घेतली, मान हलवली. म्हणाले, "वो सब ठीक है. मगर गंडीपेट का पानी तो पीनाच पडेगा. सारे शहर में वहीच आता. और एक बार पिये तो फिर वापस आनाच पडता, याद रखो."

सही केली. आठ दिवसांची रजा.

कार्तिक शु. १४, शुक्रवार

सरकारी शाळेला शुक्रवारची सुटी. सकाळीच झुंबरशेठच्या दुकानी जाऊन बसलो. कापडाच्या खरेदीला वर्षातून तीनदा हैदराबादला जाणारा गावात हा एकच माणूस. आजोबा मारवाडातून आले, पण बोलणं आता अस्सल भोकरदनचं. गादीवर बसून खरडा काढला आणि शहर आखून दिलं. नदी, पूल, स्टेशनं.

"काचीगुड्याला उतरलात की समोर जैनांची धर्मशाळा. पर तिथं दिवस मावळायच्या आत जेवून घ्यावं लागतंय, तुम्हाला जमायचं न्हाई. अफजलगंजात गलबला लई, नदीचे डास. सुलतान बाजार बराबर हाय. सगळी मराठी वस्ती, माडीवर खोल्या, खाली खाणावळ. गोदाबाईचा गौळीगुडा तिथून चार पावलं."

आणि नामपल्ली?

"हॉटेल झकास हाय, लोखंडी पलंग, अंघोळीला आतच नळ. पर गौळीगुड्याहून लांब पडंल. टांगा करावा लागंल."

रीत सांगायची गरजच पडली नाही. त्यांच्यात ती आमच्याहून कडक. "मास्तर, आमच्यात तर लेकीच्या घरचंच काय, गावचंबी पाणी चालत न्हाई. पर हैदराबाद म्हंजी गाव हाय का? तिथं मी लेक दिली असती तर धंदा कसा केला असता? म्हणून तर मी लेक परतूरला दिली." स्वतःच हसला.

कार्तिक व. १, रविवार

दोन दिवस खरडा पुढ्यात घेऊन विचार केला. सुलतान बाजार सोयीचा खरा, पण फार जवळ. सासरचं घर चार पावलांवर असताना बाप शेजारच्या खाणावळीत जेवतो, हे गल्लीला दिसणार. गोदी डबा पाठवणार, मी परत करणार. रोज तिला वाईट, रोज मला वाईट. त्यापेक्षा लांब उतरलेलं बरं. दिसायला नको, दुखायला नको. नामपल्ली.

जावयांना पत्र टाकलं. लिहिलं की शाळाखात्याचं थोडं काम आहे आणि उतरायची सोय खात्याकडून नामपल्लीला झाली आहे. सपशेल खोटं. पोरांना रोज खोटं बोलू नये म्हणून शिकवतो. पण यात कुणाचं मन मोडत नाही, असं वाटलं. गाडीचा दिवस कळवला नाही. स्टेशनावर आले तर घरीच नेतील.

कार्तिक व. १०, मंगळवार. जालना

राजूरपर्यंत आपली बैलगाडी, पुढं मोटार. आज इथं मुक्काम, उद्या दुपारची गाडी.

सौ.नं धपाटे, शेंगदाण्याची चटणी दिली. गोदीसाठी वेगळं गाठोडं आहे, खारोड्या, कुरडया, एक खण. तांब्या विहिरीवर जाऊन तिनंच भरून आणला. गाडीत बसताना म्हणाली, "ती बोलंल ते नका ऐकू. चेहरा बघा. तुम्ही माणसाच्या तोंडाकडं बघतच न्हाई, शुद्धलेखन तपासल्यासारखं ऐकता निस्तं."

बैलांना हाकारायची घाई होती.

कार्तिक व. १२, गुरुवार. हैदराबाद, नामपल्ली

पोचलो. काचीगुड्याला उतरलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. टांगेवाल्यानं अर्धं शहर दाखवत आणलं. रस्ते धुतल्यासारखे. झुंबरशेठनं सांगितलं तसंच हॉटेल. माडीवर खोली, रस्त्याकडं गॅलरी, लोखंडी पलंग, गादी अशी की बसलं की माणूस आत जातो. नळाची कळ फिरवली की पाणी. तीनदा फिरवून पाहिली. घरचं पाणी गाडीतच संपलं होतं, तांब्या नळावर भरून घेतला. पाणी खरंच गोड आहे.

खरं लिहायचं तर मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा असा मोकळा होतो. कुणी मास्तर म्हणत नाही, कुणी अण्णा म्हणत नाही. दुपारी पूल ओलांडून चारमिनार पाहून आलो. बांगड्यांची दुकानं पाहिली. गोदीकडं आजच जावं असं एकदा मनात आलं. मग म्हटलं, प्रवासाचा शीण आहे, उद्या ताजातवाना होऊन जाऊ. दिवे लागले तेव्हा गॅलरीत खुर्ची टाकून बसलो होतो. सगळा रस्ता एकदम उजळला.

कार्तिक व. १३, शुक्रवार

गौळीगुड्याला जाऊन आलो. तिसरा प्रहर ते दिवेलागण.

अरुंद गल्ली. कोपऱ्यावर दगडी ओट्याचा सरकारी नळ. तिथून चौथं घर, जिना चढून वर दोन खोल्या आणि गच्ची. पायरीवर पाऊल वाजलं तशी गोदी फुलपात्रात पाणी घेऊन आली. सवयीनं. मला पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबली. विहीणबाई आतून म्हणाल्या, "अगं, ते घेत न्हाईत ना आपल्याकडं." 'आपल्याकडं' या शब्दावर वजन टाकून.

मी पिशवीतून तांब्या काढला, घोट घेतला. गोदी म्हणाली, "घरच्या विहिरीचं, अण्णा?" म्हटलं, नाही, ते संपलं, हॉटेलातल्या नळाचं. ती म्हणाली, "म्हंजी गंडीपेटचंच. हेबी तेच हाय." हातातल्या फुलपात्राकडं बघत होती. मला हसू आलं. तिला समजावून सांगितलं की रीत पाण्याची नसते, घराची असते. वर्गात सांगावं तसं सांगितलं. तिनं फुलपात्र परत आत नेलं.

विहीणबाईंनी सगळ्यांची विचारपूस केली आणि उत्तरंही बहुतेक त्यांनीच दिली. गोदीला काही विचारलं की त्या आधी बोलायच्या. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. लांबच्या नात्यातली, बीदरकडची. "गोदावरीला मदतीला आणलीय," विहीणबाई म्हणाल्या. मुलीनं वर पाहिलं नाही. गोदीनंही तिच्याकडं पाहिलं नाही.

जावई मालधक्क्यावर कारकून आहेत, दिवेलागणीला आले. अदबीनं वागले. आपलं घर असताना हॉटेलात उतरलात, आईला वाईट वाटलं, म्हणाले. खात्याचं कारण मी पुन्हा सांगितलं.

निघताना गोदी जिन्याच्या खालपर्यंत आली. हळू आवाजात म्हणाली, "सुलतान बाजारात काहून न्हाई उतरलात? चार पावलं व्हतं." मी म्हणालो, खात्यानं सोय केली. ती म्हणाली, "कोपऱ्यावरच्या नळाला पहाटं पाणी येतंय. तवा मी एकलीच असते. तुम्ही या." मी म्हणालो, येतो. वरून हाक आली, "गोदावरी, दार ओढून घे, वारं येतंय."

वाळली आहे. डोळ्यांखाली काळं आहे. सौ.नं चेहरा बघा म्हटलं होतं, तर इतकं पाहिलं.

कार्तिक व. १४, शनिवार. गाडीत

लिहायलाच पाहिजे, टाळून उपयोग नाही.

पहाटे उठणार होतो. घरी कोंबड्याच्या आधी उठतो. पण इथं कोंबडा नाही, शेजारी सौ. नाही, आणि ती गादी. जाग आली तेव्हा उन्हं खिडकीत आली होती. तरी तोंड धुतलं. मॅनेजरनं चहा पाठवला होता, तो बसून प्यायलो. टांगा लगेच मिळाला नाही.

गल्लीत पोचलो तर नळ कोरडा. ओटा तेवढा ओला. शेजारची बाई ओटा झाडत होती, तिला विचारलं. म्हणाली, "पानी तो कबका गया. गोदाबाई भरी हुई घागर लेको बहोत देर बैठी थी आज. किसकी राह देखते थे की."

वर गेलो. सगळे होते. निरोपाचं बोलणं झालं. अमावास्येला परगावाहून निघायचं नाही म्हणून आजचीच गाडी धरायची होती, तेही सांगितलं. गोदी पाया पडली. पाया पडायला जितका वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ तिचे हात माझ्या पावलांवर होते. सगळ्यांच्या देखत काय विचारणार? सुखी राहा म्हणालो.

जावई टांग्यापर्यंत आले. "अण्णा, तुम्ही शहाणे आहात. घराचं पुढचंबी बघावं लागतं. तुम्हाला समजतंच," म्हणाले. काय समजतं, ते मी विचारलं नाही. त्यांनीच मग हॉटेलचं विचारलं, ढेकूण वगैरे नव्हते ना.

नव्हते म्हणालो.

मार्गशीर्ष शु. २, मंगळवार. भोकरदन

काल पोचलो. गाय व्याली, कालवड झाली.

सौ.नं पाय धुवायला पाणी दिलं आणि समोर बसली. मी हॉटेल सांगितलं, नळ सांगितला, विजेचे दिवे सांगितले, चारमिनारवर चढता येतं का ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् गोदी?"

"बरी हाय."

"काय म्हणाली?"

काही नाही म्हणालो. बोलणं झालंच नाही. "चार दिवस ऱ्हा म्हणत व्हती ना ती? तुम्ही तिच्यापाशी किती ऱ्हायलात?" हिशोब केला तर एक तिसरा प्रहर आणि एक सकाळ. तीही अर्धी. नळाचं सौ.ला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मार्गशीर्ष शु. ७

मी गावात हैदराबादचा जाणकार झालो आहे. कालच पटवारी आले होते, त्यांना कोर्टाच्या कामानं जायचं आहे. कुठं उतरावं? मी खरडा काढून नदी आखली, पूल आखला, काचीगुडा, सुलतान बाजार, नामपल्ली. "नामपल्ली," म्हणालो, "लांब पडतं, पण निवांत." आतून भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला.

मार्गशीर्ष शु. १२

सौ.ला नळाचं सांगितलं. ती जात्यावर बसली होती, जातं थांबवलं नाही. दळण संपल्यावर पीठ भरताना म्हणाली, "तुम्ही चहा पिऊन गेलात."

हो म्हणालो.

"ती भरली घागर घेऊन बसली व्हती."

हो.

पीठ घेऊन आत गेली. दोन ओळी बोलली असती तर बरं झालं असतं.

मार्गशीर्ष व. ३

गोदीला पत्र टाकलं. तुला काही सांगायचं होतं का, असेल तर मोकळेपणानं लिही, असं लिहिलं. पेटीत पत्र पडल्यावर डोक्यात उजेड पडला. त्या घरी पत्र आधी विहीणबाईंच्या हाती पडतं. त्या जावयांकडून वाचून घेणार. ज्या पोरीनं चारमिनारच्या आडून बोलावलं, तिला मी भर बाजारात हाक मारून विचारल्यासारखं झालं. पोस्टमास्तरांकडं पेटी उघडून मागितली. "मास्तर, थैली केव्हाच गेली," म्हणाले.

मार्गशीर्ष व. १२

उत्तर आलं. जावयांच्या अक्षरात. 'गोदावरीस काही सांगावयाचे नाही. सर्व खुशाल. तुम्ही मनात काही आणू नये.' खाली तिची सही. फक्त सही. तीही ओळीवरून खाली उतरलेली.

आज पाचवीच्या पोरावर उगाच ओरडलो.

पौष शु. २, गुरुवार. संक्रांत

झुंबरशेठ पुढच्या आठवड्यात खरेदीला निघतो आहे. सौ.नं तिळगुळाचा डबा त्याच्याकडं दिला, वर स्वतः जाऊन सांगून आली, "डबा तिच्याच हातात द्या, सासूच्या न्हाई. आन् रिकामा डबा तिच्याच हातून मागून घ्या." मला हे सुचलं नसतं. पंचवीस वर्षं पोरांना अक्कल शिकवतो आहे.

गावात तिळगूळ वाटत फिरलो. आक्का सणाला माहेरी आली आहे. तिला सहज विचारलं, वडील नऊ वर्षं तुझ्याकडं पाणी प्यायले नाहीत, तेव्हा तुला काय वाटायचं? आक्का आता साठीची. म्हणाली, "काय वाटायचंय? ते उठून गेले की मी ओसरी पुसून घ्यायची अन् आत जाऊन रडायची. सासू म्हणायची, तुझ्या बापालाबी तुझा इटाळ हाय." लोक अजून नाव काढतात असं मी वर कुठंतरी लिहिलं आहे. लोकांमध्ये आक्का धरायची राहिली.

पौष व. ५, रविवार

झुंबरशेठ आला. कापडाचे गठ्ठे अजून गाडीतच होते, तो आधी आमच्याकडं आला. बसला नाही. चहा नको म्हणाला.

माघ शु. ५ ला जावयांचं दुसरं लग्न आहे. त्याच बीदरच्या मुलीशी. गोदीला लेकरू नाही म्हणून. विहीणबाईंनी त्याला पेढा दिला, तो त्यानं खिशात ठेवला आणि पुलावरून नदीत टाकला. "गोदावरीनं राजीखुशी होकार दिला, असं सांगून राह्यले. दिला का घेतला, ते तिलाच ठावूक."

रिकामा डबा द्यायला गोदी खाली आली होती. रडत नव्हती. मी काय निरोप देऊ, असं त्यानं विचारलं. म्हणाली, "अण्णांना सांगा, नळाला आजूनबी पहाटंच पाणी येतंय."

झुंबरशेठ दारात उभा होता. इतका बोलका माणूस, धोतराचा सोगा हातात घेऊन उभा. "मास्तर, मी तुम्हाला सुलतान बाजार म्हणालो व्हतो. जोर करून म्हणायला पायजे व्हतं." त्याची काय चूक? खरडा त्यानं बरोबर काढून दिला होता.

पौष व. ६

सगळं लख्ख दिसतं आहे आता. 'आपल्याकडंच उतरा', 'चार दिवस राहा', 'लवकर' खाली रेघ. बाप घरात मुक्कामाला असता तर पहाटे तिच्याबरोबर घागर घेऊन खाली उतरला असता. बाप घरात बसून आहे म्हटल्यावर लग्नाचं बोलणं उघड करायला त्यांची जीभही अडखळली असती. निदान सुलतान बाजारात तरी उतरायचं. मी सगळं शहर तोलून पाहिलं, कुठं डास आहेत, कुठं गलबला आहे, कुठं नळ आत आहे. ती कुठं आहे, एवढंच लांब ठेवलं. आणि त्याला नाव दिलं की तिला दुखू नये म्हणून. तिला नव्हे, मला अवघड वाटू नये म्हणून. आज लिहितो आहे, पण हे मला त्या दिवशी नामपल्लीला नक्की करतानाच ठाऊक होतं.

पौष व. ७

सौ. आपणहून बोलली. चुलीपुढं बसूनच. "मी जाते. तुम्ही आलात तर चला."

काय करायचं जाऊन? बैल गेला अन् झोपा केला. लग्न ठरलं, पेढे वाटले. त्यांना कायद्यानं अडवता येत नाही. ती म्हणाली, "लगीन मोडायला कोण चाललंय? माही लेक आणायला चालले. आली तर आणीन. न्हाई आली तर तिच्याजवळ बसंन. तिच्या घरी जेवंन, तिथंच निजंन. सासूला म्हणंन, आता वाढा."

मी म्हणालो, आपल्या घराण्यात...

"घराणं तुमचं हाय. लेक माही हाय." मग लाकूड चुलीत सारत, "तुमचीबी हाय, येत असाल तर."

गोदी येईल का? सात वर्षांचा संसार टाकून, माहेरी बसायला, 'टाकलेली' म्हणवून घ्यायला? की तिथंच सवतीबरोबर राहीन म्हणेल? मला सांगता येत नाही. तिला काय हवं आहे, हे मी तिला कधी विचारलंच नाही. लग्नाच्या वेळीही नाही.

पौष व. १०

रजेचा अर्ज दिला. हेडमास्तर साहेबांनी कारण विचारलं नाही, गावात सगळ्यांना कळलं आहे. सही करताना एवढंच म्हणाले, "कित्ते दिन के मुकाम को जा रहे, वो खाली रखा हूँ. आने के बाद भर लेना." भला माणूस. पहिल्याच दिवशी त्यानं बरोबर प्रश्न विचारला होता, मी त्याला रीत शिकवली.

मुलगी आली तर तिची खाट कुठं टाकायची, यावर सौ. आज दोनदा बोलली. मधल्या खोलीत की माडीवर. आली तर.

माघ शु. १, शुक्रवार

घर आक्काच्या ताब्यात. कालवड तिच्यावर टाकून निघालो. आक्कानं सौ.च्या ओटीत गोदीसाठी नारळ घातला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "वडलांनी जे केलं ते केलं. तू म्हातारा व्हायच्या आत शाना व्हय."

पटवारी रस्त्यात भेटले. कोर्टाची तारीख लागली आहे, नामपल्लीच्या हॉटेलचा पत्ता लिहून द्या म्हणाले. लिहून दिला.

माघ शु. २, शनिवार. जालना स्टेशन

दुपारची गाडी. उद्या सकाळी काचीगुडा. लग्नाला मध्ये सोमवार तेवढा राहतो. सौ. पहिल्यांदाच रेल्वे बघते आहे, पण रुळांकडं पाठ करून बसली आहे. मांडीवर गाठोडं. त्यात या खेपेला खारोड्या नाहीत, गोदीची एक जुनी गोधडी आहे. कशाला घेतली, विचारलं नाही.

तिकीट देणाऱ्या बाबूनं सहज विचारलं, हैदराबादला कुठं उतरणार, धर्मशाळेची चिठ्ठी हवी का. नको म्हणालो. गौळीगुड्याला उतरणार.

तांब्या घरीच राहिला. राहिला नाही, मी ठेवला. निघताना सौ. विहिरीवर भरायला घेऊन चालली होती, तिच्या हातून घेऊन कोनाड्यात पालथा घातला. आता गाडीची वेळ झाली तशी ती म्हणाली, "वाटंनं तान लागली तर स्टेशनावर पिऊ. पर तिथं गेल्यावर?"

म्हणालो, गोदीकडं मागू.

ती देईल का, माहीत नाही.